ओल्या फुलीवरचं चाक

१

"ओढू नकोस गं बाई! सड काप, सड!"

मेझीचा तो आवाज अजून माझ्या मनगटात राहतो. हायवेच्या कडेला, मेलेल्या कांगारूच्या पिशवीत मी पहिल्यांदा हात घातला होता. आत अंगठ्याएवढं काहीतरी उघडंवाघडं, गरम गरम चुळबुळत होतं. मेझी माझ्यामागे उकिडवी बसून सांगत होती, "पिल्लू तोंड सोडत नाही. ओढलंस तर जबडा जाईल त्याचा. सड मुळाशी काप, त्याला पिन टोच, म्हणजे ते गिळणार नाही. मग पोटाशी धर. आणि उठायच्या आधी फुली मार."

फुली म्हणजे रंगाच्या फवाऱ्याने मेलेल्या जनावराच्या कुशीवर मारलेली. माय पडली, पिशवी पाहिली, बाळ काढलं, मागून येणाऱ्या वाटसरा, आता तू थांबू नकोस. एवढं सगळं ती फुली बोलते. मेझी गेली. अनाथ पिल्लं वाढवायची तिची पत्र्याची शेड आणि ही रीत माझ्याकडे आली.

फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळीच मर्व्हचा फोन आला. मर्व्ह आमच्या बॅरो फ्लॅट गावच्या गोल्फ मैदानाचं गवत राखतो.

"आयलीन, ये. रंगाचा डबा घेऊन ये." एवढंच म्हणून त्याने फोन ठेवला.

दार उघडलं तर मुठीला उशीचा अभ्रा लटकत होता. लोक असंच करतात. सापडलेलं पिल्लू माझ्या दाराला अडकवतात आणि न बोलता जातात. आत बिनकेसांचं गुलाबी पिल्लू होतं. तोंडात कापलेला सड, सडाला सेफ्टी पिन. मी ते उबेच्या पेटीत ठेवलं आणि निघाले.

मैदानावर कळपच्या कळप आडवा झाला होता. या कांगारूंना माणसांची भीती उरली नव्हती. चेंडू अंगावरून गेला तरी ते कान हलवून पुन्हा चरायला लागायचे. गवतावर चाकांचे वळसेच वळसे होते. जो पळाला त्याच्यामागे गाडी वळली होती, आणि शेवटी वाळूच्या खड्ड्यात रुतून बसली होती. पुढे जाड लोखंडी कठडा असलेली ती पिकअप सगळ्या गावाला ठाऊक होती. ग्लेन विकरीची.

मी पहिल्या मादीपाशी वाकले आणि डबा हातातच राहिला.

तिच्या कुशीवर गुलाबी फुली होती. पुढचीवरही. त्याच्या पुढचीवरही. एकीच्या पिशवीत सड मुळाशी, नीट कापलेला होता.

माझ्या आधी इथे कुणीतरी येऊन गेलं होतं, आणि त्याला ही रीत येत होती.

संध्याकाळी सार्जंट क्विल्टीने सांगितलं, ग्लेनचा धाकटा, चौदा वर्षांचा टोबी, आईबरोबर चौकीत आला आणि सगळं कबूल करून गेला. गाडी त्यानेच चालवली, एकट्याने.

टोबी. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज दुपारी माझ्या शेडमध्ये बसून पिल्लांना बाटली पाजणारा टोबी. तो गुलाबी डबा त्याच्या हातात मीच दिला होता.

२

गाव पेटलं. बेकरीच्या काउंटरवर अर्ज ठेवला गेला. जनावरांचे हाल करणाऱ्या पोरांना पोर म्हणून सोडू नका, मोठ्यांच्या कोर्टात उभं करा. त्यावर पहिली सही माझी होती.

ते पिल्लू तिसऱ्या दिवशी गेलं. इतकं कोवळं सहसा जगत नाही. ऊब दिली, दूध दिलं, पण माय कुठून देऊ?

त्याच आठवड्यात नोरीन आली. ती पूर्वी कोर्टात कारकून होती. आता कबुली दिलेल्या पोरांच्या बैठका घेते. पोर, त्याच्या घरचे, पोलीस आणि ज्याचं नुकसान झालं तो माणूस, असे सगळे समोरासमोर बसतात. पोराने काय भरपाई करायची ते तिथेच ठरतं. सही झाली की खटला नाही, तुरुंग नाही.

"ज्यांचं नुकसान झालंय त्यांना बोलता येत नाही," नोरीन म्हणाली. "त्यांच्या वतीने तू बस."

"बसते की! आणि सांगते, या पोराला आत टाका. आधी मारायचं, मग पिल्लू आणून माझ्या दाराला लावायचं! लहान आहे म्हणे. त्या कांगारूच्या मानेवरून चाक गेलं ते काय लहान होतं?"

"ओरड, ओरड. बैठकीत नको ओरडूस, आत्ता ओरडून घे." तिने चहात बिस्किट बुडवलं. "पोलिसांची मागणी ऐक. टोबीने अठरा पूर्ण होईपर्यंत कुठल्याही जनावराजवळ जायचं नाही. घरचा कुत्रासुद्धा दुसरीकडे द्यायचा. तुझ्या शेडचं तर नावच नको. त्याने सही केली की हे त्याच्या कपाळावर कायमचं."

"बरं होईल."

"होईल ना?" नोरीन माझ्याकडे बघत राहिली. "तू त्या दिवशी फोटो काढलेस. दाखव."

मला ते बघायचे नव्हते. फोन तिच्या हातात देऊन मी भांडी घासायला लागले. ती एकेक फोटो मोठा करून बघत होती. मग म्हणाली, "आयलीन, या मादीच्या कुशीवर हे काय आहे?"

"फुली."

"फुलीवरून काय गेलंय?"

"चिखल असेल."

"चिखल गुलाबी असतो का गं?"

मी हात न पुसताच वाकले. फुलीची एक रेघ टायरच्या नक्षीत ओढली गेली होती. नक्षीच्या दातांमध्ये रंग भरून पुढच्या गवतावर उमटला होता, एक गुलाबी ठसा, मग दुसरा, मग पुसट तिसरा. रंग ओला असताना त्यावरून चाक गेलं होतं.

"अगं," नोरीन हळू म्हणाली, "फुली मारली तेव्हा गाडी अजून फिरत होती."

३

"माझं काम गुन्हेगार शोधायचं नाही," गाडी सुरू करताना नोरीन पुटपुटली. "पोरगं कबूल करतं तेव्हाच ते माझ्याकडे येतं. आणि कबूल केलं की कुणी पुढे काही विचारत नाही. गंमत बघ."

गोल्फ आणि फुटबॉल दोन्ही बघणाऱ्या गावच्या क्लबचा सेक्रेटरी थ्वेट दारातच भेटला. कांगारू गोळ्या घालून कमी करायची परवानगी त्याने दोनदा मागितली होती आणि दोनदा त्याला नकार मिळाला होता.

"आल्या! कांगारूंच्या मातोश्री आल्या," तो म्हणाला. "माझ्यावर संशय ना? घ्या. हिरवळीला भोकं पाडतात म्हणून मला ते नको होते, कबूल. पण त्या संध्याकाळी मी क्लबच्या हॉलमध्ये स्टेजवर होतो. आपण हरलो तरी भाषण करावंच लागतं. अख्खं गाव समोर जांभया देत होतं, विचारा."

"मी पण जांभई देत होते," नोरीन म्हणाली. "तुमचं भाषण संपलंच नाही. बाहेर काही ऐकू आलं नाही?"

"हॉर्न, किंकाळ्या, बाटल्या. अंतिम सामन्याची संध्याकाळ होती. कुणाला काय कळणार?" तो मैदानाकडे वळला. "इतकं वाईट नको होतं व्हायला. मला ते फक्त कमी हवे होते."

मर्व्ह शेडमध्ये यंत्राला तेल देत होता. तो बुटका. गावातल्या पोरांनी त्याला 'गवतात हरवतोस' म्हणून चिडवावं इतका.

"गाडी तूच काढलीस ना वाळूतून?" नोरीनने विचारलं.

"मीच. ट्रॅक्टर लावला, सार्जंटला म्हटलं, तू ओढ, मी स्टिअरिंग धरतो. आत बसलो तर काय, पाय पेडलपर्यंत पोचेनात! आरामखुर्चीत बाळ ठेवावं तसा लोंबकळत होतो. सीट पार पुढे ओढली तेव्हा कुठे क्लच सापडला. सार्जंट हसला, लेकाचा."

नोरीन हसली नाही. तिने विचारलं, "टोबी तुझ्यापेक्षा उंच आहे का रे?"

"टोबी? छे, अजून माझ्याच खांद्याला लागतो तो." आणि मर्व्हच्या हातातला तेलाचा डबा तसाच थांबला. "म्हणजे..."

"म्हणजे काही नाही. कुणाला बोलू नकोस."

४

विकरींच्या स्वयंपाकघरात सगळे टेबलाभोवती होते. ग्लेनचा डावा खांदा पट्ट्यांनी छातीशी बांधलेला. ऑपरेशन होऊन थोडेच दिवस झाले होते, आणि त्याच्या गाडीला हाताने गिअर टाकावे लागतात. त्याची बायको शॅरेल सिंकपाशी पाठमोरी उभी होती. त्या संध्याकाळी ती क्लबच्या किचनमध्ये बटाटे तळत होती, माझी पुडी तिनेच दिलेली. थोरला डेन, एकोणिसाचा, टेबलाखालून पाय लांबवून बसला होता. त्याचे बूट पलीकडे माझ्या खुर्चीला लागत होते.

"तू कुठे होतास, डेन?" नोरीनने विचारलं.

"झोपलो होतो. हरल्यावर लोकांचे चेहरे कोण बघणार?"

शेवटची किक त्याची होती. ती बाहेर गेली, सामना गेला. हॉलमध्ये त्याच्या नावाचे विनोद चालले होते.

"आणि कांगारू म्हणजे उंदीर, आयलीन," तो माझ्याकडे वळून म्हणाला. "मोठे उंदीर. खाणीकडच्या रस्त्यावर दर आठवड्याला याच्यापेक्षा जास्त मरतात. त्यांच्यासाठी बैठक कोण घेतं?"

"डेन, गप," ग्लेन म्हणाला. मग आमच्याकडे बघत, "पुढच्या महिन्यात तो खाणीवर जातोय. चांगली नोकरी आहे, पोलिसांचा दाखला लागतो. घरात आधीच ताण आहे. टोबीने चूक केली, त्याने कबूल केली. आता मिटवा ना."

"तो लहान आहे," शॅरेल सिंककडे बघतच म्हणाली. "लहानांना काही होत नाही, सगळेच सांगतात."

टोबी नखाने टेबलाचा रंग खरवडत होता.

"मी चालवत होतो. मी एकटा होतो," तो म्हणाला.

"आधी फुल्या मारल्यास की आधी गाडी घातलीस, पोरा?"

त्याने आईच्या पाठीकडे बघितलं. मग पुन्हा तेच शब्द, त्याच सुरात. "मी चालवत होतो. मी एकटा होतो." शाळेत उभं राहून म्हणतात तसं.

मी तिथे त्याला दटावायला गेले होते. काय काय बोलायचं ते ठरवून गेले होते. आम्ही निघालो तेव्हा तो फाटकापर्यंत मागून आला.

"आयलीन... पिल्लू कसंय?"

खोटं बोलावंसं वाटलं. "गेलं रे."

तो मान हलवत राहिला. "माझा हात हलत होता. सड मुळाशी नसेल कापला गेला."

"बरोबर कापला होतास," मी म्हटलं. "मेझीने कापला असता तसाच."

तो वळून धावत आत गेला. नोरीन गाडीत बसून माझी वाट बघत होती. मी बसल्यावर तिने इंजिन सुरू केलं नाही.

"आता सांग," ती म्हणाली, "अजूनही त्याला आत टाकायचंय?"

"टोबीला नाही." मी खिडकीतून त्या घराकडे बोट केलं. "पण ज्याने गाडी घातली त्याला टाकायचंय. तू बैठक रद्द कर, क्विल्टीला सांग."

"क्विल्टीकडे कबुली आहे. तिच्यापुढे तुझ्या फोटोला तो काय किंमत देणार? घरातल्या कुणीतरी तोंड उघडायला हवं. आणि ते घर बैठकीत एकत्र बसेल, नंतर पुन्हा बसणार नाही. टोबीच्या सहीआधी ते बोलले तर बोलले."

५

शाळेच्या वाचनालयात खुर्च्या गोल मांडल्या होत्या. विकरी चौघं, सार्जंट क्विल्टी, मी, नोरीन. तिच्या मांडीवर तो ठराव होता, टोबीच्या सहीची जागा कोरी असलेला.

"सही करण्याआधी एक ऐका," नोरीन म्हणाली. तिने फोटो फिरवला. ओली फुली, तिच्यावरून गेलेलं चाक, गवतावरचे गुलाबी ठसे.

"फुल्या टोबीच्या आहेत. गावात आयलीनशिवाय ही रीत फक्त त्याला येते. म्हणजे फुली मारताना टोबी जमिनीवर होता. आणि गाडी चालत होती. सांगा, स्टिअरिंगवर कोण होतं?"

"मारली फुली, परत गाडीत बसला, परत घातली," क्विल्टी म्हणाला. "पोरं काय वाट्टेल ते करतात, नोरीन."

"करतात. पण हे पोर अंधूक उजेडात गुडघ्यावर बसून अंगठ्याएवढं पिल्लू काढतं. सड कापतं, पिन टोचतं, ते शर्टाच्या आत पोटाशी धरतं. आणि मग ते पोटाशी असतानाच गाडीत चढून दुसऱ्या मादीवर गाडी घालतं? बरं, धरू घातली. मग तुम्ही हसलात तो विनोद आठवा, सार्जंट. मर्व्हचे पाय पेडलपर्यंत पोचले नाहीत. सीट पार मागे होती. टोबी मर्व्हपेक्षा बुटका आहे. गाडी रुतली तेव्हा तीत लांब पायांचा माणूस होता."

क्विल्टीचा चेहरा उतरला. त्याने वही मिटली.

"थ्वेट अख्ख्या गावासमोर भाषण करत होता," नोरीन पुढे म्हणाली. "ग्लेन, तुला गिअर टाकता येत नाही. शॅरेल बटाटे तळत होती. त्या गाडीची किल्ली या घरात असते."

कुणीच डेनकडे बघत नव्हतं. त्यामुळे सगळे त्याच्याकडेच बघत असल्यासारखं झालं.

"मी चालवत होतो," टोबी म्हणाला. त्याचा आवाज फुटला. "मी एकटा..."

"गप रे," डेन म्हणाला. "पुरे आता."

"डेन!" ग्लेन अर्धा उठला. "एक शब्द बोलू नकोस. वकील येईपर्यंत..."

"काय वकील, बाबा? त्याला हे बोलायला शिकवताना वकील होता का?" डेन हसला, आणि ते हसू बघवेना. "सायकलवरून माझ्यामागे आला. घरी चल म्हणायला. मी वळलो की हा खाली बसलेला, त्या डब्यासकट. मी हॉर्न मारला, तरी हा आपला फुल्या मारतोय. मला त्याचाच राग आला. मी अजून मारतोय आणि हा आधीच आवरायला लागलाय! थांबलो नाही मी. त्याच्या हातापासून इतकं लांब चाक गेलं." त्याने दोन बोटांत अंतर दाखवलं. ते फार नव्हतं.

टोबीने दोन्ही हात मांडीखाली घातले.

मी उठून उभी राहिले. "ऐकलंत, सार्जंट? आता याला न्या. हा लहान नाही. याला आत टाका, आणि ती किल्ली फेकून द्या!"

"तुझं कोर्ट आता वेगळं, डेन," क्विल्टी म्हणाला. "चल माझ्याबरोबर." नोरीनने मांडीवरचा ठराव उभा-आडवा फाडला आणि तुकडे बॅगेत टाकले. टोबीच्या कपाळावर आता काही नव्हतं. मला वाटलं, झालं, संपलं. माझी जनावरं मेली ती मेली, पण न्याय तरी सरळ उभा राहिला.

"मी सांगितलं टोबीला," शॅरेल म्हणाली.

इतका वेळ ती पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत बसली होती. बोटाचं टोक पांढरं पडलं होतं.

"मीच म्हटलं, तू चौदाचा आहेस, तुला चार गोष्टी सुनावतील आणि घरी पाठवतील. डेनला तुरुंग होईल, नोकरी जाईल. भाऊ आहेस ना त्याचा? असं म्हटलं." तिने टोबीकडे बघितलं नाही. "आणि आयलीन, मग तुझ्या पहिल्या सहीने तो अर्ज आला. पोरांना सोडू नका म्हणून. मी बेकरीत उभी राहून वाचला. सगळा वाचला."

"शॅरेल, बस कर," ग्लेन म्हणाला.

"नाही. याचं एक तुलाही ठाऊक नाही." ती आता डेनकडे बघत होती आणि डेन, इतका लांबलचक डेन, खुर्चीत आक्रसत चालला होता. "आई, नको," तो म्हणाला. ते मी ऐकलं. तिनेही ऐकलं असणार.

"तो तेव्हा टोबीएवढाच होता," ती म्हणाली. "पलीकडे मिसेस लँग राहायच्या, त्यांची व्यायलेली मांजर होती. मी वाळलेले कपडे काढायला मागे गेले, तर हा दोरीखाली बसलेला. मांजर, तिची पिल्लं, सगळी. सगळी मारून ओळीने मांडून ठेवलेली. पळाला नाही तो. लपवलंही नाही. नुसता माझ्या तोंडाकडे बघत बसला, आता ही काय करते म्हणून. मला वाटतं, मी ओरडावं अशी वाट बघत होता तो. कुणाला तरी बोलावेन, म्हणून."

तिने बोटाचा पट्टा सोडला.

"मी फावडं आणलं," शॅरेल म्हणाली. "पुरलं सगळं. मिसेस लँग महिनाभर हाका मारत फिरल्या, त्यांच्याबरोबर मीही शोधलं. आणि याला म्हटलं, ऊठ, हात धू, जेवायला वाढते."